ओढ्याचे दोन्ही काठ

ता. १४, रविवार सकाळ

प्रिय ताई,

तुझा गुडघा कसा आहे? जिना चढू नकोस म्हटलं की तू मुद्दाम चढतेस, म्हणून सांगतच नाही. इकडे सगळं ठीक. गाय व्याली, कालवड झाली.

मोठी बातमी शेताची. सरकारने पावसाळ्याआधी एक योजना काढली. ओढ्याकाठची सहा मीटर पट्टी नांगरायची नाही, खत-औषध टाकायचं नाही, तिथे गवत आणि झाडं वाढू द्यायची. शेतातली माती आणि औषधं पाण्यात उतरू नयेत म्हणून. त्याचे दरवर्षी पैसे मिळतात. मी म्हटलं, तिथलं पीक तसंही ओढाच खातो, आता निदान भाडं तरी देईल. पण अट अशी की दोन्ही काठांच्या मालकांनी मिळून अर्ज करायचा.

पलीकडचा काठ कोणाचा, हे तुला सांगायला नको. हो, तोच. फौजदार.

मिशा आणि न हसणारा चेहरा, यावरून लोकांनी ठेवलेलं ते नाव त्याला शोभतंच. हे होते तेव्हा त्याच्याशी पाण्यावरून वाजलं, ते हे गेल्यावरही मिटलं नाही. त्याला पायरी चढू देऊ नकोस, असं तू मला बजावलं होतंस. मीही चढू दिलं नाही. सहीला आला तेव्हा कागद अंगणातच धरला.

रोपं मात्र एकाच वेळी लावायची होती. तो त्या काठाला, मी या काठाला. सुरुवातीला आम्ही फावड्याखेरीज कशाबद्दल बोललो नाही. मग एकदा ओढा फुगला. पाणी ओसरलं तेव्हा निम्मी रोपं आडवी झालेली. मी ती उभी करायला उतरले आणि चिखलात पाय रुतला, निघेचना. ताई, मी हाक मारली नव्हती. तो आपणहून पाण्यातून चालत आला, माझा पाय मोकळा केला आणि मग कोपरापर्यंत हात घालून माझी चप्पल शोधत बसला. ती काही सापडली नाही. चिखलाकडेच बघत म्हणाला, "त्यांच्या आजारपणात दोनदा तुमच्या दारापर्यंत आलो होतो. आत यायचा धीर झाला नाही."

मी चहा घ्या म्हटलं, इतकंच.

आता चहा रोजचा झालाय. आणि पायरीचं विचारशील तर ते स्वयंपाकघरात बसतात. कांदा माझ्यापेक्षा बारीक चिरतात. बघ, लिहिता लिहिता 'तो'चे 'ते' झाले. खोडत नाही, राहू दे.

गेल्या आठवड्यात पाहणीला खात्याच्या बाई आल्या होत्या. तरुण आहेत, गमबूट घालून दोन्ही काठ फिरल्या. गवत गुडघ्याएवढं झालंय, पाणी असं नितळ की तळातले खडे दिसतात. त्या खूश झाल्या. टेप गुंडाळता गुंडाळता त्यांनी सहज विचारलं, "तुम्ही दोघं मिस्टर-मिसेस का?" मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात हे महाशय म्हणाले, "अजून नाही."

बाई गेल्यावर मी विचारलं, "असं काय बोललात?"

"खोटं बोललो का?"

"मला विचारलंत कुठे?"

"विचारतोय."

आणि ताई, ते हसले. चांगले दिसतात हसले की.

मी हो म्हटलंय.

मुलाला फोनवर सांगितलं. त्याने आधी शेताचं काय ते विचारलं. म्हटलं, शेत तुझंच राहील, माझं तेवढं मला जगू दे. मग म्हणाला, "आई, तुला रात्री खोकला लागला की पाणी द्यायला कोणीतरी असेल." फोन ठेवला आणि मी रडून घेतलं. गावात म्हणतात, सरकारने हिला पैसे दिले, वर नवराही दिला. म्हणोत.

भीती वाटते ती फक्त तुझी. आई गेल्यावर माझ्या वेण्या तू घातल्यास, मला सासरी तू पाठवलंस. त्यांच्यावर तू चिडलीस तेही माझ्याच मायेने, हे मला कळतं. म्हणून परवानगी मागत नाही, तुला बोलावते आहे. पुढच्या महिन्यात नोंदणी कार्यालयात सह्या करायच्या आहेत. माझ्या बाजूची साक्षीदार म्हणून मी तुझंच नाव दिलंय, न विचारता. गाडी पाठवते. तिथे जिना नाही, मी स्वतः जाऊन बघून आले.

तुझ्या हाताची वाट बघणारी,
तुझी धाकटी