दारामागची छत्री

प्रिय कप्तान,

मी, तुझा बाप, वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि विमा कंपनीत लोकांचे दावे तपासणारा माणूस, हे पत्र पूर्ण शुद्धीवर आणि सर्वस्वी स्वतःच्या जबाबदारीवर लिहीत आहे. उद्देश एकच आहे : आज संध्याकाळी साडेपाचच्या आत तू घरी फोन करावास. का, ते शेवटी सांगेन. आधी सांगितले तर तू उरलेले वाचणार नाहीस, एवढा मी तुला ओळखतो. जेवण उरकल्यापासून माझे फोन तू घेतलेले नाहीस, म्हणून हे पाकीट धक्क्यावरच्या तिकीटखिडकीतल्या बाईंकडे स्वतः नेऊन देणार आहे. कप्तानबाईंच्या हातातच द्या, असे बजावले की त्या हसतील. हसू देत.

तुझी आई आतल्या खोलीत आहे. दार लोटलेले आहे, पण भिंतीवरच्या त्या पितळी यंत्राच्या काचेवर ती नखाने टिचकी मारते, तो आवाज मला इथे स्वयंपाकघराच्या टेबलापाशी स्पष्ट ऐकू येतो. हवेचा दाब दाखवणारा काटा कुठे अडकला तर नाही ना, हे ती अशीच तपासते. एरवी सकाळी एकदा आणि निघताना एकदा. आज ती तिथून हललेलीच नाही. मघाशी वाहिनीच्या संपादकांचा फोन आला. त्यांचा आवाज मोठा असल्यामुळे मला कान देण्याचे पाप करावे लागले नाही. "ताई, वेधशाळेचा अंदाज आलाय, वादळ बाहेरच्या बाहेर जातंय. उगाच घबराट नको. आणि हो, ती तुमची छत्री आज राहू दे घरी." तिने "बरं" म्हटले. तुझ्या आईने इतक्या चटकन कोणाला "बरं" म्हटल्याचे माझ्या संसारात हे पहिलेच उदाहरण.

तुला आठवते का, ती वाहिनीवर गेली तेव्हा तू शाळेतही जात नव्हतीस. वेधशाळेत ती निरीक्षक होती. हवामान वाचायला एक माणूस द्या, असे वाहिनीने कळवले आणि सर्वांत कमी कुरकुर करील म्हणून साहेबांनी हिला पाठवले. तो त्यांचा अंदाज साफ चुकला. पडद्यावर तिच्या मागे जो नकाशा दिसतो, तो तिथे नसतो, हे आपल्याला तेव्हा कळले. मागे नुसती कोरी भिंत. नकाशा बाजूच्या छोट्या पडद्यावर, आणि बोट मात्र भिंतीवर ठेवायचे. पहिल्या दिवशी तिने बेट डोंगरात नेऊन ठेवले. मग महिनाभर तिने या स्वयंपाकघरातल्या भिंतीपुढे उभे राहून सराव केला आणि तू समोर जमिनीवर फतकल मारून बसायचीस, डोळ्याला पावडरचा रिकामा डबा लावून. "डावीकडे आई, अजून डावीकडे! बेट पाण्यात पडलं तुझं!" तिचा पहिला कॅमेरा तू होतीस. फ्रिजच्या वर, भिंतीचा रंग जिथे बोटाने काळवंडला आहे, ते तुझे बेट. दोनदा घर रंगवले. त्या जागेवर ती रंगाऱ्याला ब्रश लावू देत नाही.

छत्रीचे मात्र तू विसरली असशील. एकदा ती उशिरा पोहोचली आणि हातातली छत्री ठेवायचीच विसरून कॅमेऱ्यापुढे उभी राहिली. वाचले ते वेधशाळेचे : हवा कोरडी राहील. दुसऱ्या दिवशी सगळे गाव भिजले आणि लोक म्हणू लागले, बाईंना ठाऊक होते, बोलता येत नव्हते. तिने शपथेवर सांगितले की तो विसराळूपणा होता. कोण ऐकतो! तेव्हापासून तिनेच तो रिवाज केला. शब्द वेधशाळेचे, छत्री स्वतःची. स्वतःला धोका वाटला की ती छत्री मनगटाला अडकवून उभी राहते, एक अक्षर न बोलता. गल्लीतला इस्त्रीवाला दूरचित्रवाणीचा आवाज बंद ठेवतो. त्याला फक्त हात बघायचा असतो. छोट्या होड्यांवरची माणसे धक्क्यावरच्या चहाच्या दुकानात तेच करतात. मला स्वतःला सही-शिक्क्याशिवाय काही पटत नाही, तरी मीसुद्धा ऑफिसला निघताना आदल्या संध्याकाळचा तिचा हात आठवतो.

आता ज्याबद्दल या घरात बोलले जात नाही, त्याबद्दल. तू नुकतीच फेरीबोटीची कप्तान झाली होतीस. आईने छत्री धरली, तू सकाळची फेरी रद्द केलीस आणि समुद्र दिवसभर ताटातल्या पाण्यासारखा निपचित पडून राहिला. लग्नाचे वऱ्हाड धक्क्यावर उन्हात बसले. कंपनीने तुला महिनाभर सुकाणूवरून उतरवले. "छत्रीताईंची लेक, उन्हातसुद्धा भिजते," हे तुझ्या तोंडावर म्हणणारे कमी नव्हते. त्या दिवशी तू दारातूनच आईला म्हणालीस, "यापुढे तू छत्री घेतलीस ना, की मी समजेन हवा झकास आहे आणि बोट काढेन." मला वाटले, रागाचे बोलणे आहे, विरून जाईल. पण पुढच्याच हंगामात तिने छत्री धरली आणि तू खरोखरच बोट काढलीस. लाटा डेकवर येत होत्या म्हणे. बेटावर पोहोचून तू मला निरोप पाठवलास : 'मजेत पोहोचले, आईला सांगा.' मी सांगितले. ती उठून कपडे वाळत घालायला गेली. ते आधीच वाळत घातलेले होते.

त्यानंतर छत्री दारामागून हललेली नाही. गाव म्हणते, बाई थकल्या. संपादक म्हणतात, बाई शहाण्या झाल्या. मीही मनात म्हणत होतो की एका चुकीने तिचा धीर गेला. छाननी हा ज्याचा पेशा, त्याने घरातले एवढे साधे प्रकरण चुकीच्या रकान्यात घालून ठेवले होते.

आज जेवताना मला ते कळले. काटा उतरतच चालला आहे आणि तिच्या मते हे वादळ पहाटे वळून आत येईल. तिला खात्री नाही. वेधशाळाही बरोबर असू शकेल, असे तीच म्हणते. मी म्हटले, मग छत्री घे, संपादकांना मी बघतो. तिने घास तसाच ताटात ठेवला. "घेतली तर होड्या थांबतील आणि ती निघेल. नाही घेतली तर ती स्वतःच्या डोळ्यांनी आभाळ बघेल आणि थांबेल. पण मग होड्या निघतील हो." एवढेच बोलली आणि आत गेली. इतके दिवस ती धीर गेल्यामुळे नव्हे, तुझ्यासाठी रिकाम्या हाताने उभी राहत होती. प्रवासी घेऊन तू नुसत्या रागापायी समुद्रात जाशील, असे मला वाटत नाही. तिलाही बहुधा वाटत नसावे. पण हवेचा दाब उतरल्याचे दाखवणारे यंत्र आमच्या भिंतीवर आहे. तुझा राग उतरल्याचे दाखवणारे नाही.

म्हणून हे पत्र. उद्या सकाळी बोट काढावीस की थांबवावीस, हे मी सांगणार नाही. तो अधिकार सुकाणूवरच्या माणसाचा आहे. आईचे ऐक, असेही म्हणत नाही. ती आजही चुकू शकते. फक्त दारातले ते एक वाक्य मागे घे. 'तू काहीही धर, मी माझं आभाळ बघून ठरवेन' एवढे तिला सांग, म्हणजे तिचा हात गावासाठी मोकळा होईल. माफी मागू नकोस, ती अवघडेल. मी पत्र देऊन परत येतो आणि गॅलरीत बसतो. फोन वाजला तरी उठणार नाही, म्हणजे तिलाच तो घ्यावा लागेल. या पत्राची तिला कल्पना नाही. आत टिचक्या थांबल्या आहेत, बहुतेक ती तयारीला लागली. साडेपाचला ती दार उघडेल, आणि छत्री दाराच्या मागेच आहे.

तुझाच,
बाबा

घर, स्वयंपाकघराचे टेबल
बुधवार, दिनांक सहा, दुपारी