बोअरच्या पाण्यानं निळं झालेलं सोनं

निमगाव केतकी, मंगळवार, दिवेलागणीला

अजून विश्वास बसत नाही. कॉलेजात आठवडाभर खपून केलेलं, डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल सोन्याचं पाणी (पाण्यात तरंगणारे सोन्याचे अतिसूक्ष्म कण) आजोबांनी निळं केलं. चूक माझीच. बाटली फवारणीच्या औषधांशेजारी ठेवली. औषध समजून त्यांनी सवयीनं बाटलीतच बोअरचं पाणी घालून हलवलं. बघता बघता निळं.

"बाद झालं का गं?"

"आबा, सोनं तेवढंच आहे. बारीक कण सुटे असले की लाल दिसतं. बोअरच्या पाण्यातल्या खारानं ते चिकटून मोठे झाले, म्हणून निळं."

"खार कसला? आपलं पाणी गोड हाय."

मला रागच आला. दुसऱ्या एका कुपीत थोडं लाल वेगळं ठेवलं होतं, ते दोन पेल्यांत ओतलं. एकात सोबत आणलेलं लॅबचं शुद्ध पाणी घातलं, लालच राहिलं. दुसऱ्यात बोअरचं घातलं आणि पुन्हा तेच निळं. मीच हादरले. हेच पाणी बागेला जातं, आणि खारानं पानं करपतात.

तीन वर्षं डाळिंबाची पानं करपतायत आणि आजोबा माझ्या वडिलांनाच खतावरून बोल लावतायत. निळा पेला उचलून त्यांनी शेजारी बसलेल्या वडिलांपुढे ठेवला.

"तुझ्या खताचा दोष न्हवता रं."