विषय जवळजवळ ठरला

३ एप्रिल १९७२, सकाळ
नवीन वही, नवीन शाई, नवीन आयुष्य. सरकारी पत्रक आलंय. सार्वजनिक आरोग्याची मोठी पदवी, एम.पी.एच., करायला मोजक्या डॉक्टरांना अमेरिकेला पाठवणार. वयाची अट पस्तीस. मला ऑगस्टात पस्तीस पुरी होतात. म्हणजे ही शेवटची गाडी. चुकली तर पाथर्डी तालुक्यातल्या या आरोग्य केंद्रात भिंतीवरची पाल आणि मी, दोघं एकदमच रिटायर होऊ.

अर्जात एकच अडचण. 'विशेष विषय कोणता घेणार?' संख्याशास्त्र, स्वच्छता, आरोग्य-शिक्षण, साथीचे रोग. माझ्यासारख्या अष्टपैलू माणसाला एकच निवडायला सांगणं म्हणजे शुद्ध अन्याय. तरी आठवड्यात ठरवतो.

सौ.ला सांगितलं. म्हणाली, आधी दळण कधी आणताय ते ठरवा.

५ एप्रिल
विषय ठरला. संख्याशास्त्र. पेशंट नाहीत, ओकाऱ्या नाहीत. टेबल, पंखा आणि आकडे.

सरावासाठी केंद्राचं रजिस्टर घेतलं. आमचा कंपाउंडर दिलावर फक्त तीन रोग लिहितो: 'ताप', 'पोट' आणि 'इतर'. मार्चात 'इतर' सर्वांत जास्त. साथ असावी म्हणून मी उत्तेजित झालो. दिलावरला विचारलं, 'इतर' म्हणजे नेमकं काय? तो म्हणाला, साहेब, तुम्ही परस्पर नगरला गेला होता त्या दिवशी जे आले, ते.

संख्याशास्त्र फार रुक्ष विषय आहे. माझा पिंड माणसांत रमणारा.

९ एप्रिल, रविवार
विषय ठरला. स्वच्छता. गावात मी आदर्श संडास बांधून घेतलाय, त्याची पाहणी करायला गेलो. दाराला कुलूप! किल्ली सरपंच आबासाहेबांच्या कमरेला. उघडून बघतो तर आत छतापर्यंत सरकी पेंडीची पोती.

आबासाहेब म्हणाले, डाक्तर, लई झ्याक काम केलं तुमी. फरशी शिमिटाची, उंदीर शिरत न्हाई, ओल न्हाई. आनखी एक बांधा की.

मी कुलूप लावून किल्ली त्यांना परत दिली. बाकी कौतुक त्यांनी मनापासून केलं.

१५ एप्रिल
नगरहून लोकरी सूट शिवून आला. तिकडे बर्फ पडतं, सवय हवी. म्हणून संध्याकाळी घालून ओट्यावर बसलो. घाम पाटासारखा वाहिला. सौ. म्हणाली, उन्हाळ्यात बसून थंडीची सवय होणारा माणूस मी आजच पाहिला.

डाव्या घोट्याशी फोड आलाय. नवा बूट चावला. अर्ज अजून कोरा.

२० एप्रिल
फोड फुटला. आग आग. सौ.ने बघितलं आणि म्हणाली, अहो, हा नारू दिसतोय.

मला हसू आलं. नारू म्हणजे बारवेचं पाणी न गाळता पिणाऱ्या अडाण्यांचा रोग. किडा पाण्यातून पोटात जातो आणि वर्षाने पायातून दोऱ्यासारखा बाहेर येतो. इथे मीच तो चावडीपुढे उभा राहून लोकांना समजावतो. मला कसा होईल? गेल्या उन्हाळ्यात रोज संध्याकाळी बारवेवर जाऊन ओंजळीने पाणी प्यायचो, ती गोष्ट वेगळी. ते पाणी फार गार असायचं. शिवाय माझी प्रतिकारशक्ती लहानपणापासून दांडगी.

२२ एप्रिल
जखमेतून पांढरा दोरा डोकावतोय. मोज्याचा असणार. ओढला. मेलो! मोज्याचा दोरा ओढल्यावर माणसाला एवढं का दुखावं, याचं शास्त्रीय कारण शोधलं पाहिजे.

२५ एप्रिल
नारूच आहे.

सौ.ने राहीबाईला बोलावलं. गावातले नारू हीच काढते. तिने दोऱ्याचं टोक काडेपेटीच्या काडीला गुंडाळलं आणि काडी घोट्याला बांधली. रोज थोडा थोडा गुंडाळायचा, तुटला तर पाय गेलाच समजा. पोरीला दम द्यावा तसा मला दम दिला. मी म्हटलं, राहीबाई, गावात बोलू नका. डॉक्टरांचा पाय मुरगळला म्हणा. व्हय व्हय, म्हणाली.

संध्याकाळी दवाखान्यात जो येईल तो आधी मलाच विचारी: मंग डाक्तर, किती निघाला?

एक मात्र झालं. विषय सापडला. साथीचे रोग! स्वतःच्या पायात साथ घेऊन फिरणारा दुसरा उमेदवार महाराष्ट्रात शोधून दाखवा.

२८ एप्रिल
आज वाईट झालं. लिहू का नको, असं झालंय.

दुपारपासून पायात निखारा ठेवल्यासारखं होतं. सहन होईना. तिन्हीसांजेला बारवेवर गेलो. तिथे मीच लावलेली पाटी आहे, 'नारू झालेल्यांनी पाण्यात पाय घालू नये.' पाटीकडे पाठ करून खालच्या पायरीवर बसलो आणि पाय घातला. अहाहा! स्वर्ग!

तेवढ्यात वरून राहीबाईचा आवाज. आरं ए, कोन हाय त्यो? पाय काढ आदी! खाली येऊन बघते तर मी. मग काय विचारता! आवो डाक्तर, तुमीच सांगितलं ना वरडून वरडून? नारूवाल्यानं पाय बुडवला की पान्यात किडं पडत्यात, ते पानी पेलं की समद्या गावाला नारू हुतो म्हून? आन तुमीच? लाज न्हाई वाटत? पलीकडच्या पायऱ्यांवर पाणी भरणाऱ्या बायकांनी भरलेले हंडे तिथल्या तिथे ओतून दिले. या दुष्काळात. आणि पार मळ्यातल्या विहिरीकडे निघाल्या, उन्हाने तापलेल्या वाटेने. एकीच्या कडेवर लेकरू होतं.

मला लाज वाटली. खरंच वाटली. जेवण गेलं नाही.

दिलावरकडून बारवेत ब्लीचिंग पावडर टाकवली.

२९ एप्रिल
झोपून उठल्यावर डोकं स्वच्छ झालं. कालच्या प्रसंगाकडे शास्त्रीय दृष्टीने पाहिलं पाहिजे. राहीबाईला माझं व्याख्यान शब्दन् शब्द पाठ होतं! निरक्षर बाई! हा कोणाचा विजय?

विषय ठरला. आरोग्य-शिक्षण. अर्ज भरून टाकला.

१२ मे, पुणे
मुलाखत. एस.टी.त उभ्याने आलो, एका पायावर. समोर तीन गृहस्थ. मी सूटमध्ये. 'आरोग्य-शिक्षण हे माझं जीवितकार्य आहे' असं इंग्रजीत सुरू केलं, तोच मधले म्हातारे गृहस्थ माझ्या पायाकडे बघू लागले. मोज्यातून काडी बाहेर आली होती. मी म्हटलं, मुरगळलाय. ते खुर्चीवरून उठले, गुडघे टेकून खाली बसले आणि ओरडले, अरे, हा तर जिवंत नारू! पुस्तकाबाहेर कित्येक वर्षांत पाहिला नव्हता म्हणे. मग तिघेही खाली. शिपायालाही बोलावून दाखवला.

पुढे प्रश्न असा एकही विचारला नाही. इतरांना दहा मिनिटांत वाटेला लावत होते, माझ्यापाशी अर्धा तास रमले. निघताना म्हातारे म्हणाले, अप्रतिम! आजवर मला कोणी अप्रतिम म्हटलेलं नाही.

झालंच समजा.

२० मे
पत्र आलं! अमेरिकेला जाणाऱ्या निवडक डॉक्टरांचा पूर्वतयारीचा वर्ग पुण्यात आहे, त्या वर्गात एक जूनला हजर राहावे, प्रवासखर्च मिळेल. 'तोपर्यंत नारू पूर्ण काढू नये.' बहुधा माझं व्याख्यान प्रात्यक्षिकासह ठेवायचा विचार दिसतो.

सौ.ने पत्र वाचलं आणि विचारलं, पण निवड झाली असं कुठे लिहिलंय? म्हटलं, सरकारी भाषा अशीच असते, समजून घ्यावी लागते. तिने पुन्हा वाचलं. मग हळूच म्हणाली, तुम्ही तिकडे असाल तेव्हा आम्ही पुण्याला माझ्या बहिणीकडे राहू, म्हणजे आपल्या चांगुणाला चांगल्या शाळेत घालता येईल. एवढं बोलून हसली. कित्येक दिवसांत तिला अशी हसताना पाहिली नव्हती. शाळेला सुट्टी आहे, तरी उद्याच मास्तरांच्या घरी जाऊन पोरीचा दाखला मागते म्हणाली.

राहीबाईला सांगितलं, आता गुंडाळू नका. तिने कपाळाला हात लावला.

१ जून, पुणे, स्टँडवर
वर्गात शिरलो तर फळ्यावर निवड झालेल्यांची नावं आणि पुढे ज्याचा त्याचा विषय. दोनदा वाचली. माझं नाव नव्हतं. खिशात व्याख्यानाची पानं होती.

मुलाखतीतले म्हातारे गृहस्थ आज नव्हते. दुसरेच प्रोफेसर होते. मला टेबलावर बसायला सांगितलं. सूटची पँट गुडघ्यापर्यंत वर. ते म्हणाले, पेशंट खेड्यातून आला आहे, सोप्या मराठीत बोला.

पहिल्या बाकावरची मुलगी उठली. हिचा विषय आरोग्य-शिक्षण. गोड पोरगी. बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्याने विचारू लागली. काका, पाणी कुठलं पिता? बारवेचं. गाळून घेता का? नाही. असं पाणी पिऊ नये, हे तुम्हाला कोणी कधी सांगितलं होतं का?

वाटलं, सांगावं, बाई गं, मीच सांगत होतो, लोकांना. सबंध वर्ग पेन्सिली धरून वाट बघत होता. तिकडे घरी पोरीचा दाखला निघालाय, सौ.ने तो ट्रंकेत जपून ठेवलाय, आणि आता तिला जाऊन काय सांगू, एवढं एकच डोक्यात फिरत होतं.

नाही, म्हटलं. कोणीच नाही सांगितलं.

अरेरे, म्हणाली. तिला खरंच वाईट वाटलं. लिहून घेतलं. मग विचारलं, काका, शिक्षण किती झालंय तुमचं?

चौथी, मी म्हणालो. नापास.