कोऱ्या चौकटीत श्री

सोलापूर, गुरुवार, दिवेलागणीनंतर

सूनबाई विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. पुस्तकं, प्रबंध, मासिकं एकाच चौकटीत शोधता यावीत, अशी वेबसाइट तिनं नव्यानं केलीय. उद्या साहेबांना दाखवायची होती. आज मला शोधायला बसवलं. मी आधी श्री लिहिलं, मग ज्वारीवरची कीड. काहीच सापडलं नाही.

"आई, तिथं श्री कशाला?"

"कोऱ्या जागेत आधी श्रीच लिहितात की! दहावीच्या पेपरातबी लिहिलं होतं."

ती हसली नाही. असं लिहिलं तरी सापडायला हवं म्हणाली, अन् साहेबांना फोन करून दुरुस्तीला आठ दिवस मागून घेतले. किती महिने राबतेय पोर. माझ्या एका श्रीनं... मी बसलेच नसते तर?

फोन ठेवून म्हणाली, "बरं झालं आई. विद्यापीठातली पोरं काही सापडलं नाही तर न सांगताच उठून जातात."

तिच्या सुकलेल्या तोंडाकडं मला बघवेना.