जाईबाईंच्या डब्यांतली चिलटं

नेरुळ,
ता. ३ ऑगस्ट १९८६

ती. चांगुणाआत्यांना,
वैशालीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुमचं कार्ड पोचलं. आम्ही सगळी बरी आहोत. छकुलीला दोन दात आलेत. रोज आजोबांचं बोट चावून ती ते तपासून बघते.

एक विचारायचं होतं. परळची खोली सोडून तुमचे दादा आमच्याकडे राहायला आले, तेव्हा आईंची झाडंही आली. मोगरा, अबोली, गवती चहा, कढीपत्ता असं लावलेले तुपाचे नऊ रिकामे डबे गॅलरीत आहेत. आईंना जाऊन आता दहा महिने झाले. बाबा सकाळ, दुपार, संध्याकाळ त्या डब्यांना पाणी घालतात, वर चहाचा चोथा टाकतात. माती सुकतच नाही, आणि तिच्यातून बारीक काळी चिलटं उठतात. दुधात पडतात, छकुलीच्या तोंडावर बसतात. औषध फवारलं, तर दोन दिवस गेली आणि परत आली.

सुधीर म्हणतात, डबे सरळ फेकून देऊ. बाबा ऐकतात आणि तांब्या भरून परत गॅलरीत जातात. बाप-लेकांत धड बोलणंच राहिलं नाही. मधल्या मध्ये मला टेन्शन. तुमची परसबाग मी पाहिली आहे, तेव्हा उपाय तुम्हीच कळवा.

छकुलीचा पापा. आठवण ठेवावी.
तुमची,
वैशाली

दापोली,
ता. ११ ऑगस्ट ८६

चि. वैशालीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद व जयभीम.

हे पत्र माज्या हातानं लिवलंय. साक्षरतेच्या वर्गाला गेले त्याचा उपयोग. चुकलं तर हसू नको. हसायचं काम सुधीरचं, तो लहानपनापासून करतो.

दोष झाडांचा नाय, पान्याचा हाय. चिलटं ओल्या मातीत अंडी घालतात, आळ्या वरच्या थरातच वाढतात. वरची दोन बोटं माती सुकली की त्या मरतात. चोथा सगळा काढ. डब्यांना बुडाला भोकं नसतील तर पाडून घे. वर धुतलेली कोरडी रेती अर्धा बोट पसर. बटाट्याच्या चकत्या मातीवर ठेव, दोन दिवसांनी आळ्यांसकट उचलून लांब टाक. महिना लागेल, धीर सोडू नको. उडनारी मेली तरी अंडी मागं राहतात.

आनि एक. माजी वहिनी रोज पानी घालत नव्हती. मातीत बोट खुपसून बघायची, सुकं लागलं तरच घालायची. मी डोळ्यांनी बघितलंय. हे दादाला वाचून दाखव. रागावला तर माज्यावर रागावेल, तुज्यावर नाय.

नातीला जप. माया हाय ती राहू दे.
तुजी आत्या,
चांगुणा

नेरुळ,
ता. २६ ऑगस्ट १९८६

ती. आत्यांना,
सप्रेम जयभीम. वि. वि.

माझी चूक आधी सांगते. तुमचं पत्र मी बाबांना वाचून दाखवलंच नाही, कपाटात ठेवून दिलं. गिरणी सुटल्यापासून आणि आई गेल्यापासून त्यांच्या हाताला तेवढंच एक काम आहे. ते कसं काढून घेऊ, असं वाटलं.

रविवारी छकुलीच्या डोळ्यात चिलट गेलं. तिनं चोळून डोळा लाल केला. डॉक्टरांनी थेंब दिले, आता ती बरी आहे, काळजी नसावी. पण सुधीर भडकले आणि चार डबे उचलून खाली कचराकुंडीपाशी ठेवून आले. बाबा फिरून येत होते, त्यांना ते दिसले. एकेक डबा घेऊन ते तीन जिने चार वेळा चढले. मग ट्रंक काढली आणि कपडे भरायला लागले. चांगुणाकडे जातो, एवढंच म्हणाले.

तेव्हा मी कपाट उघडलं आणि दोघांसमोर तुमचं पत्र मोठ्यानं वाचलं. आई बोट खुपसून बघायच्या, इथपर्यंत आले आणि बाबा ट्रंकेवरच बसले. म्हणाले, "हॉस्पिटलात तिनं मला दोनदा सांगितलं, झाडांना पाणी घाला. मी विसरलो. ती गेली आणि घरी आलो, तेव्हा सगळी माना टाकून होती."

सुधीर उठले, मला वाटलं बाहेर चालले. ते हातोडी आणि खिळा घेऊन आले, मोगऱ्याचा डबा आडवा केला आणि बुडाला भोकं पाडायला बसले. बाबांनी जाऊन डबा धरला.

लवकर लिहावं.
तुमची चुकलेली सून,
वैशाली

नेरुळ,
ता. २८ सप्टेंबर १९८६

चि. चांगुणास,
दादाचा जयभीम.

तुझं औषध लागू पडलं. शेजारी बिल्डिंग चालू आहे, तिथल्या मिस्त्रीकडून घमेलंभर रेती आणली, धुऊन गच्चीवर वाळवली. चकत्या मी रोज मोजून ठेवायचो, बटाटे संपले म्हणून सूनबाई हसायची. पहिले दोन आठवडे फरक नव्हता. आता आठ दिवसांत एकही चिलट नाही. अबोली मात्र वाचली नाही, मुळं कुजली होती. ते माझ्या हातून झालं.

एक गोष्ट तुलाच सांगतो. रेती पसरताना सुधीर म्हणाला, "बाबा, हे डबे दिसले की मला आईचे हात दिसायचे. म्हणून मला ते घरात नको होते." मी मात्र वर्षभर समजत होतो की पोरगा आईला विसरला.

पाच तारखेला जाईला जाऊन वर्ष होतं, म्हणून पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवला आहे. तू एकटी येऊ नको. सुधीरनं रजा काढली आहे, आम्ही दोघं गुरुवारी एस.टी.नं तुला आणायला निघतो. तो मोठा झाल्यापासून आम्ही दोघांनी असा प्रवास केलेला नाही. माझ्याशी लग्न होण्याआधीची त्याची आई त्याला मुळीच ठाऊक नाही. सहा तासांत होईल तेवढी सांगीन.

भाकरी टाकून ठेव, भुकेले येऊ.
तुझा दादा,
गंगाराम