चारुदत्त नगरसेवक झाला

ती. आईंना सीमाचा वाकून नमस्कार,

आम्ही सगळे बरे आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना सोबत कुणी असतं ना?

चारुदत्त इथल्या निवडणुकीत निवडून आला. हे गाव जंगलाच्या टोकाला. आम्ही भारतातून आलो तेव्हा लोक म्हणायचे, एक विंटर काढून पळतील. आता तोच इथला नगरसेवक.

प्रचारात दारात पत्रक देऊन निघायचं, अशी इथली रीत. हा मात्र घरोघरी चहाला बसायचा. मी चिडवायचे, "मतं मागतोयस की सोयरीक जमवतोयस?" तर म्हणायचा, "चहा न घेता उठलो तर आई काय म्हणेल?" म्हाताऱ्यांच्या घरी तर जळाऊ लाकडंही आत नेऊन ठेवायचा. मला त्याचा फार अभिमान वाटतो, आई.

पण मुदत चार वर्षांची आहे. यंदा कायमचं परत येतो, असा शब्द त्याने तुम्हाला दिला होता. म्हणून तो तुमचा नंबर लावतो आणि वाजायच्या आधीच बंद करतो. मलाही फोनवर बोलवेना, म्हणून हे पत्र.

तुम्हाला वाईट वाटेल, ठाऊक आहे. रागवायचं तर जरूर रागवा. पण आधी तुम्हीच फोन करून त्याला शाबास म्हणा. अख्ख्या गावाने म्हटलं, तरी त्याला ते अजून खरं वाटत नाहीये.

तुमची,
सीमा