सदाफुलीला जास्तीचं पाणी

प्रिय आबा,

आज आखाजी, अक्षय्य तृतीया. तुम्ही गेल्यानंतरची पहिलीच. सकाळी पप्पांनी तुमच्या नावानं घागर भरली, वर डांगर ठेवलं, गोड खरबूज. सगळ्यांनी हात जोडले. मी मागं उभा राहिलो. तुम्हाला पाणी द्यायला पुढं व्हायची लाज वाटली. का, ते तोंडानं सांगता येणार नाही, म्हणून लिहितोय.

गच्चीवरची तुमची सदाफुली मी मारली, आबा. आपल्या मेहरूणच्या उन्हानं नाही. पाण्यानं!

नळाला आठ-आठ दिवस पाणी नसायचं, तेव्हाही तेलाच्या डब्यांत ती फुलायची. तुम्ही गेलात आणि मला वाटलं, आता हिला माझ्याशिवाय कोण आहे? दुपारी पानं मलूल दिसली की बादली. संध्याकाळी परत बादली. पानं पिवळी पडली, तर मला वाटलं पाणी कमी पडतंय. तिसरी बादली! आई म्हणाली, "अरे, आम्हाला अंघोळीपुरतं तरी ठेव!" तर मी तिच्यावरच उखडलो.

मागच्या आठवड्यात पप्पांनी डबे उपडे केले. मुळं काळी, कुजलेली. माती झाडून डबे भिंतीशी लावून ठेवले. रागावले असते तर मला भांडता तरी आलं असतं.

तुम्ही सांगितलं होतं ना मला? "येडा, दुपारले ती झोपस, सांजले उठस. तिले ऱ्हाऊ दे!" तेव्हा माझं लक्ष मोबाइलात होतं. वैशालीचा मेसेज यायचा होता.

वैशाली म्हणजे कॉलेजातली, धरणगावची. तिच्याशी एक जण बोलला म्हणून मी त्याची कॉलर धरली, आणि तिनं सगळ्यांसमोर मलाच झापलं. त्याच रागात दुसऱ्या वर्षात कॉलेज सोडलं. तुम्ही का नाही हो विचारलंत काही? एक कानाखाली ओढायची होती! नुसतं "जेवला का?" एवढंच विचारत राहिलात.

"मला जरा मोकळं राहू दे," एवढंच ती म्हणाली होती. त्या दिवशी मी तिला बावीस फोन केले.

काल कठड्याच्या भेगेत बोटभर रोप दिसलं. सदाफुलीच! एक गुलाबी फूलसुद्धा. ना कुणी लावलं, ना कुणी पाणी घातलं. माझा हात तांब्याकडे गेला होता. मोठ्या मुश्किलीनं खिशात घातला. खिशात मोबाइल. तो दिवसभरापुरता आईजवळ देऊन आलो.

आबा, शब्द देतो. या रोपाच्या शेंगा वाळल्या की बी धरीन, डब्यांना खाली भोकं पाडीन, आणि बोटानं माती चाचपल्याशिवाय पाणी घालणार नाही. वैशालीला फोन करणार नाही.

तिनं आपणहून केला, तर मात्र पहिल्याच रिंगला उचलीन. तेवढं चालवून घ्या.

तुमचा,
मयूर